नानांना विचारायचं राहिलं

मंडळी, नमस्कार.

ज्योतीताई, अक्का, धुळ्याहून सकाळच्या गाडीनं आलेले नानांचे शेजारी, पाचोऱ्याची मंडळी, पुण्याहून आलेले पाहुणे, आणि आमच्या ग्रुपची सगळी पोरं. एवढी माणसं या हॉलमध्ये आमच्या प्रयोगाला कधी आली नाहीत. पुंडलिक नाना आज इथं असते तर त्यांनी मागं वळून भरलेल्या खुर्च्या बघितल्या असत्या आणि विचारलं असतं, आज तिकीट नाही वाटतं?

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. नाटकातलं पाठ केलेलं मी कितीही बोलेन. स्वतःचं बोलायचं म्हटलं की मला जमत नाही. आणि आज तर मी तोंड लपवून मागच्या रांगेत बसायच्या लायकीचा माणूस आहे. तरी उभा राहिलोय, कारण हे माझ्याऐवजी दुसरं कोणी सांगू शकत नाही.

हेमंतभाऊ, त्याआधी एक विनंती. नानांच्या फोटोशेजारी माझी ट्रॉफी ठेवलीय, ती तेवढी उचला. राग मानू नका. तुम्ही प्रेमानं ठेवलीत, मला माहीत आहे. पण उचला. टेबलाखाली ठेवा, पडद्यामागं ठेवा, कुठंही ठेवा. हां. आता बोलता येईल.

आत्ता निवेदनात माझी ओळख करून दिली, नानांचा लाडका शिष्य, उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक मिळवणारा संदीप. मंडळी, मी पाइपच्या कारखान्यात शिफ्ट करणारा माणूस. संध्याकाळी नाटक करतो. लाडका होतो की नाही ते नानांना माहीत. आणि ते पारितोषिक मला कशाबद्दल मिळालं, तेच आज सांगायचं आहे. सांगण्याआधी नानांच्या मुलीला, ज्योतीताईंना विचारलंय. अक्कांनाही विचारलंय. दोघींनी हो म्हटल्यावरच या माइकसमोर आलोय.

पुण्याच्या पाहुण्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आपल्याकडच्या लोकांनी जरा सांभाळून घ्यावं.

नानांनी पुष्कळ लिहिलं, पण नाव झालं ते ‘जास्तीची मूठ’ या नाटकानं. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. नानांच्या नाटकातली आई दरवर्षी एक मूठ जास्त घेते. धाकटा भांडून घर सोडून गेलाय, थोरल्यानं त्याचं नाव टाकलंय, घरात त्याचा विषय काढायची सोय नाही. आई कुणाशी वाद घालत नाही. सगळ्यांच्या मुठी मोजून झाल्या की आणखी एक मूठ सुपात टाकते. शेवटच्या प्रवेशात पुन्हा श्रावण येतो, आई पुन्हा सूप घेऊन बसते, आणि ती जास्तीची मूठ सुपात पडली की पडदा. धाकटा काही येत नाही. सबंध नाटकात तो रंगमंचावर दिसतच नाही.

मूळ नाटक आपल्या बोलीत, अहिराणीत. आम्ही ते स्पर्धेसाठी शहरी मराठीत घ्यायचं ठरवलं आणि नानांना भ्यायला लागलो. लेखक म्हटला की आपल्या ओळीला कोणाला हात लावू देत नाही, असंच आम्ही ऐकलेलं. नाना म्हणाले, नाटक म्हणजे देव्हाऱ्यातला देव नाही, त्याला उचला, मोडा-जोडा, जागा बदला. नुसतं म्हणून थांबले नाहीत. धुळ्याहून एसटीनं जळगावला येऊ लागले. ह्या वयात. आमच्या तालमीत बसून स्वतःच्याच नाटकाची शहरी मराठी करायला आम्हाला मदत करू लागले. आमच्या आधी धुळ्याच्या कॉलेजच्या पोरांनी त्याची एकांकिका केली होती, पाचोऱ्याच्या मंडळींनी चौकात उभं राहून केलं होतं. त्या सगळ्यांच्या तालमीला नाना असेच जाऊन बसलेत. ते लोक इथं बसले आहेत, विचारा त्यांना.

नानांची अट फक्त एक होती. तुम्हा सगळ्यांना ती माहीत आहे, कारण सगळ्यांनी तिची टिंगल केलेली आहे. एखाद्या जिवंत माणसाची लकब घेतलीत, चालणं, बोलणं, हात उडवणं, काहीही, तर त्या माणसाकडं जायचं आणि त्याला विचारून यायचं. आणि प्रयोगाला त्याला पहिल्या रांगेत बसवायचं. तालमीत कोणी नवीन काही करून दाखवलं की नाना आधी चांगलं-वाईट म्हणायचेच नाहीत. बोलीत एवढंच विचारायचे, “इचारीसन उना का?” विचारून आलास का?

आमच्या वैशालीनं आईचं काम करताना बाजारातल्या एका मावशींची बसायची पद्धत उचलली होती. भरिताची वांगी विकतात त्या. नानांनी तिला पिटाळलं. ती लाजत लाजत गेली, तर मावशी म्हणाल्या, घे माय, फुकट शे. प्रयोगाला त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि भर प्रवेशात शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, मी काय अशी बसस का? सगळं थिएटर हसलं. नाना तर डोळे पुसत होते.

पण ही अट नुसती गमतीची नव्हती. योगेशनं एका रिक्षावाल्याचं मान झटकणं घेतलं होतं. फार छान जमलं होतं त्याला. विचारायला गेला तर तो माणूस नको म्हणाला. लहानपणापासून त्यावरनं चिडवतात, म्हणाला, आता तुम्ही स्टेजवर नेऊ नका. प्रयोग अगदी तोंडावर आला होता. आम्ही म्हटलं, नाना, जळगावात रिक्षावाले काय कमी आहेत, कोणाला कळणार? नाना म्हणाले, “त्याला कळेल ना.” आणि योगेशला ते सगळं सोडावं लागलं. त्या दिवशी आम्ही चहाच्या टपरीवर नानांना बरंच काही बोललो. म्हाताऱ्याची लहर, असं बोललो. मीच बोललो.

आता येतो माझ्याकडं.

आम्हाला शेवट पटत नव्हता. प्रेक्षक रिकाम्या हातानं घरी जातो, असं आमचं म्हणणं. खरं सांगू का? परीक्षक रिकाम्या हातानं जातील, अशी भीती होती. आम्ही नानांना म्हटलं, धाकट्याला घरी आणू या. शेवटी तो दारात येतो, आई त्याला बघते, तो आत येतो, एवढाच प्रवेश वाढवा. नाना म्हणाले, मला तो माणूस घरात आणता येत नाही, मी पुष्कळ वेळा प्रयत्न केलाय. तुम्हाला येत असेल तर आणा, मी मदत करतो.

हे वाक्य मी ऐकलं होतं. माझ्या या कानांनी ऐकलं होतं. पण मला ते लेखकाचं वाक्य वाटलं. लेखक असं बोलतात, असं आपल्याला वाटत असतं.

तर धाकट्याचं काम माझ्याकडं आलं. तालमीच्या फरशीवर खडूनं एक रेघ ओढली होती, तो उंबरा. मला ती रेघ ओलांडून आत यायचं होतं. कसा यायचो मी? हीरोसारखा. छाती काढून. इतकी वर्षं बाहेर काढलेला, लाजलेला माणूस असा येतो का हो? पण मला जमेना. नाना खुर्चीत बसून नुसते हं, हं, करायचे. एकदा मी वैतागलो. शिफ्ट करून आलो होतो, पोटात अन्न नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणालो, नाना, नुसतं हं-हं करून काय होतंय? तुम्हीच दाखवा ना करून.

नाना हसले. उठले.

त्या रेघेपाशी गेले. चपला काढल्या. एक हात वर करून नसलेली चौकट धरली. एक पाय उचलला, रेघेच्या वर तसाच धरला, आणि परत मागं ठेवला. मान खाली. मग पायाच्या अंगठ्यानं चपला सरळ केल्या. एक एक करून, तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून. पुन्हा एकदा आत बघितलं. पायांत चपला सरकवल्या आणि वळले. बस्स, एवढंच. परत आले, खुर्चीत बसले, म्हणाले, असं काहीतरी.

मंडळी, आम्ही टाळ्या वाजवल्या. हेमंतभाऊंनी शिट्टी मारली. वैशाली रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. बराच वेळ वाजवल्या. कोणी तरी मोबाइलवर सगळं घेतलं होतं, ते ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडलेली चित्रं पडली. नाना उठून बाहेर नळावर गेले आणि तोंड धुऊन आले. मला वाटलं, उकडतंय त्यांना.

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा बघितला. आरशासमोर उभा राहून केला. हात कुठं धरला, पाय केवढा उचलला, अंगठा कसा फिरवला, सगळं जसंच्या तसं उचललं, आत न येता वळणंसुद्धा. आणि नानांनी, ज्यांनी योगेशला रिक्षावाल्यासाठी रडवलं होतं, त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारून आलास का, असं म्हणाले नाहीत. मलाही सुचलं नाही. वांगीवाल्या मावशींना विचारायचं, रिक्षावाल्याला विचारायचं. नानांना काय विचारायचं? ते तर घरचेच. घरच्या माणसाला विचारायचं नसतं, हे कोणी शिकवलं हो आपल्याला?

स्पर्धेत तो प्रवेश उभा राहिला तेव्हा थिएटरमध्ये खोकलासुद्धा ऐकू आला नाही. मग टाळ्या. मग ही ट्रॉफी. परीक्षकांनी भाषणात सांगितलं की या नटाच्या थांबण्यात एक आयुष्य आहे. मी वाकून नमस्कार केला. आयुष्य कोणाचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला तरी कुठं माहीत होतं?

प्रयोगानंतर नाना आत आले. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, बरं केलंस. मग जरा थांबून म्हणाले, “पण तू पाय मागं घेतोस ना, तेव्हा तुला आत जायचंय हे दिसत नाही. आत जायचं असतं रे. लई जायचं असतं.”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, हो नाना, फायनलला तेवढं फिक्स करतो.

हे माझं नानांशी शेवटचं बोलणं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ज्योतीताईंचा फोन आला. नाना झोपेतच गेले. आम्ही सगळे धुळ्याला धावलो. घरात माणसं बसली होती. एका कोपऱ्यात नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. ज्योतीताई म्हणाल्या, या अक्का, नानांच्या वहिनी, गावाहून आल्यात. नानांना वहिनी आहेत हेच आम्हाला तेव्हा कळलं. गाव कुठलं विचारलं, तर एरंडोलच्या अलीकडचं, हायवेवरच्या फाट्यावरून आत.

त्या फाट्यावरून नाना तालमीसाठी दर खेपेला जात होते. जाताना आणि येताना. एकदा मी त्यांच्याबरोबर धुळ्याहून आलो होतो. पारोळा सोडलं आणि नाना उठून गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. म्हणाले, इकडं ऊन येतं. बाहेर ढग होते.

आता हे ऐका. मला सांत्वन करता येत नाही. मी अक्कांशेजारी बसलो, आणि काय करावं सुचेना म्हणून खिशातून मोबाइल काढला. म्हटलं, अक्का, बघा तुमचे नाना किती मोठे नट होते. आणि तो व्हिडिओ लावला. शोक चाललेल्या घरात, कौतुकानं.

अक्का बघत राहिल्या. नानांनी अंगठ्यानं चपला वळवल्या तिथं त्यांनी पदर तोंडाला लावला. शेवटी आमच्या टाळ्या सुरू झाल्या. मोबाइलमधून त्या टाळ्या आणि हेमंतभाऊंची शिट्टी त्या घरात वाजली. मला तो आवाज बंद करता येईना. अक्का म्हणाल्या, “हाई ॲक्टिंग नही शे, पोऱ्या. तो दारमा असाच उभा व्हता.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

नाना तरुण होते. गावच्या जत्रेत पोरांना घेऊन नाटक करायचे. एका वर्षी त्यांनी एक विनोदी तुकडा लिहिला आणि त्यात एक अडखळत बोलणारा कारभारी घातला. स्वतःच केला. नानांचे थोरले भाऊ, आबा, बोलताना अडखळायचे. सगळ्या गावानं ओळखलं. आबा समोरच बसलेले, शेजारी अक्का, नवीन लग्न झालेल्या. गाव हसून हसून लोळलं. टाळ्या, शिट्ट्या. आबा उठून गेले. सकाळी त्यांनी नानांची वळकटी अंगणात आणून ठेवली आणि सांगितलं की आजपासून या घरात तुझं नाव नाही. त्या वेळी आबा एकदाही अडखळले नाहीत, असं अक्का म्हणाल्या.

नाना धुळ्याला आले. पुढचं तुम्हाला नाटकातून माहीतच आहे. आई मूठ मोजत राहिली. गावचा कोणी बाजारात भेटला, त्यानं नानांना सांगितलं, तुझ्या नावाची मूठ अजून घेतात रे. त्यावर नानांनी नाटक लिहिलं. पण गेले नाहीत. आई वारली तेव्हा मात्र गेले. दारापर्यंत गेले. चपला काढल्या, चौकट धरली, पाय उचलला. समोर ओट्यापलीकडं आबा बसलेले. आबांनी वर बघितलं. नाना थांबले. आबा काही बोलले नाहीत. नानांनी पाय मागं घेतला, चपला वळवल्या, आणि गेले.

इथवर ऐकून मी मान खाली घातली होती. मला वाटलं संपलं. पण अक्का म्हणाल्या, आबा गप्प नव्हते. आबा ‘ये’ म्हणत होते. तो शब्द त्यांच्या तोंडून सुटत नव्हता. ओठ हलत होते, मान हलत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि शब्द येईना. आला तेव्हा दार रिकामं होतं. अक्का एवढंच म्हणाल्या, “जरासा थांबता ते...” जरासा थांबला असता तर.

नानांना हे कधीच कळलं नाही. आबांनी कोणाला पाठवलं नाही, नानांनी कोणाला विचारलं नाही. दोघंही मानी, आणि दोघंही लाजलेले. पुढं आबाही गेले. आईनंतर अक्का मूठ मोजत राहिल्या. गेल्या श्रावणातसुद्धा मोजली. आणि त्या दिवशी धुळ्याच्या घरात त्यांनी मला विचारलं, “आते कोनासाठे मोजू?” गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत. म्हणजे इतकी वर्षं त्या घरात नाना रोज जिवंत होते, आणि ते नानांना दारातून दिसलं नाही.

मंडळी, आता तुम्हीच सांगा. ज्या माणसानं भावाचं अडखळणं चोरलं आणि त्याची किंमत जन्मभर मोजली, त्यानं आम्हाला एकच गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला. विचारून घ्या. आम्ही त्याला लहर म्हटलं. आणि मी काय केलं? त्यांचंच अडखळणं चोरलं. तेही त्यांच्यासमोर. त्यावर टाळ्या घेतल्या, ट्रॉफी घेतली, पेढे वाटले. त्यांनाही पेढा दिला. त्यांनी खाल्ला.

नाना रागावले का नाहीत, हा विचार मी रोज करतो. मला वाटतं, त्यांना वाटलं असेल की फिटलं. आपण एकाचं घेतलं, आपलं एकानं घेतलं. पण ही माझी समजूत. त्यांना विचारता आलं असतं. धुळं काय लांब आहे का? मी नाही विचारलं. मला लाज वाटते. साध्या शब्दात सांगतो, मला लाज वाटते. रात्रपाळीत मशीनसमोर उभा असलो तरी वाटते, जेवताना घास हातात असतो तेव्हा वाटते.

पुढच्या महिन्यात धुळ्याला आमचा अंतिम फेरीचा प्रयोग आहे. आम्ही सगळे बसलो आणि ठरवलं, तो प्रवेश काढून टाकायचा. नानांचा मूळ शेवट ठेवायचा, ट्रॉफी परत द्यायची. मला तेवढ्यानं हलकं वाटायला लागलं होतं. मग योगेशनंच विचारलं, अक्कांना विचारून आलास का?

मी आणि हेमंतभाऊ फाट्यावर उतरून गावात गेलो. अक्का अंगणात गहू निवडत होत्या. मी ते दार बघितलं. चौकटीला हात लावायचं धाडस झालं नाही. अक्कांसमोर बसलो आणि म्हटलं, अक्का, नानांचं ते थांबणं मी न विचारता घेतलं. आता सोडून देतो. अक्कांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “आते इचारस?”

आता विचारतोस? पुन्हा गहू निवडायला लागल्या. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. ट्रॉफी परत देतो म्हटलं, तर म्हणाल्या, परत करीसन कोनले दाखाडस? नाटकवाल्यांना सगळं कोणाला तरी दाखवायचंच असतं, असा त्याचा अर्थ. माझ्या कानाखाली मारली असती तर कमी लागलं असतं. उन्हं उतरल्यावर त्यांनी आम्हाला चहा दिला, आणि चहा देता देता जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो.

“जित्तापनी तो घरमा उना नही. तुमना नाटकमा तरी त्याले येवू द्या. पन आबानं ‘ये’ बी ऐकू येवू द्या.”

जिवंतपणी तो घरात आला नाही, तुमच्या नाटकात तरी त्याला येऊ द्या. पण आबांचं ‘ये’ पण ऐकू येऊ द्या.

तर तो प्रवेश राहणार आहे. धाकटा दारात थांबेल. योगेश थोरल्याचं काम करतो. त्याचा शब्द अडकेल. जेवढा वेळ अडकायचा तेवढा अडकेल. परीक्षक घड्याळ बघोत. धाकटा थांबून राहील, आणि ‘ये’ ऐकू आल्यावरच पाय आत टाकेल. आबांच्या अडखळण्याची परवानगी अक्कांनी दिलीय, आणि योगेशनं ती स्वतः जाऊन मागितलीय. अक्का त्या दिवशी पहिल्या रांगेत बसणार आहेत. येताना रोट आणा म्हटलं, तर म्हणाल्या, तू भाऊबंद नही. बरोबर आहे अक्का. नाही मी.

नानांना विचारायचं मात्र राहिलं. त्याला आता उपाय नाही. ती लाज माझ्याजवळ राहील, आणि राहावी.

मंडळी, फार बोललो. आता आपण सगळे उभे राहू या. हे अध्यक्षांचं काम आहे, पण मी त्यांचीही परवानगी आधीच मागून घेतली आहे. त्या दिवशी नाना त्या खडूच्या रेघेपाशी उभे होते आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. बराच वेळ वाजवल्या होत्या. आज तेवढा वेळ गप्प उभं राहू.

किती वेळ ते मी मोजणार नाही. घड्याळ लावलेलं नाही. कोणी आधी खाली बसू नका, कोणी चपला शोधू नका, दाराकडं जायची घाई करू नका. कधीकधी बोलावणाऱ्याला वेळ लागतो.